हिवाळी मुक्काम आणि विम्याची मर्यादा

कडाक्याची थंडी सुरू झाली की कॅनडातील लाखो निवृत्त नागरिक फ्लोरिडा, ॲरिझोनाची वाट धरतात. या प्रघातामागे जसे ऊन आहे, तसे गणितही आहे. वर्षातून १५३ दिवस प्रांतात राहिल्यास ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमा टिकतो; मात्र अमेरिकन रुग्णालयाच्या बिलाचा तो अत्यल्प भाग उचलतो. उरलेला भार खासगी प्रवास विम्यावर.

१३ मार्च २०२० रोजी कॅनडा सरकारने अनावश्यक परदेशप्रवास टाळण्याचा इशारा दिला आणि १६ तारखेला पंतप्रधान ट्रुडो यांनी नागरिकांना परत बोलावले. ठरावीक दिवसांत न परतल्यास संरक्षण संपेल, असे काही विमा कंपन्यांनी कळविले. ज्या वयाला हा रोग सर्वाधिक घातक, त्याच वयाच्या जोडप्यांना दोन-दोन हजार किलोमीटर मोटार हाकीत परतावे लागले.

कंपन्यांवरील रोष स्वाभाविक होता. सर्वस्वी रास्त नव्हता. एकाचा पाय मोडला तर इतरांच्या हप्त्यांतून भरपाई निघते. सर्वांवर एकदमच संकट कोसळल्यास ती निघणार कोठून? असली जोखीम शासनच पेलू शकते, आणि ते शासन तर सरहद्दीपलीकडे होते.

पुढील हिवाळ्यात सरहद्दीवरील रस्ते अनावश्यक प्रवासास बंदच होते, विमानमार्ग मात्र खुला होता. कित्येकजण पुन्हा गेले; मोटारी तेवढ्या वेगळ्या पाठवाव्या लागल्या. तोवर कोविडचा समावेश असलेल्या पॉलिसी बाजारात आल्या होत्या.