काकवीचा वास आणि पन्नास लाख

समजा, माळशिरसमध्ये एक बाळ जन्मलं. वजन चांगलं, रडलंही लगेच. चौथ्या दिवशी दूध ओढेना, मलूल पडलं, मग झटके. लंगोटाला गोडसर वास, करपलेल्या साखरेसारखा, काकवीसारखा. उसाच्या तालुक्यात काकवीच्या वासाचं कोणाला नवल वाटणार? (आजाराचं नाव मेपल सिरप युरिन डिसीज. मेपल सिरप आमच्याकडे कोणी बघितलंय राव?)

ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही दुधातल्या प्रथिनांतली तीन अमिनो आम्लं. ती मोडणारं एन्झाइम या बाळात चालत नाही, त्यामुळे आईचं दूधच मेंदूला विष होतं. आईबाप ठणठणीत असतात, फक्त दोघांकडे जनुकाची एकेक बिघडलेली प्रत. अशा जोडप्याला दर बाळंतपणात धोका २५ टक्के. त्यात मामाच्या मुलीशी लग्न हे आपल्या भागात अजून कौतुकाचं. असो.

आता सरकारची गंमत बघा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा आजार नावानिशी आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली. उत्तम! पण ती मिळते ठरावीक केंद्रांतून, आपल्यासाठी म्हणजे मुंबईच्या केईएममधून. आणि तिथे जायला आधी आजार कळायला नको का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे. अमिनो आम्लांचा एकही आजार नाही. आणि हे आजार डोळ्यांना दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणजे उपचाराला पैसे आहेत, शोधायला नाहीत!

शोधायचं कसं? टाचेला सुई, कागदावर रक्ताचे चार थेंब. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत फेनिलकीटोन्युरियासाठी ही पद्धत रूढ केली. आज त्याच थेंबांतून कित्येक आजार कळतात. गोव्याने २००८ मध्ये सरकारी दवाखान्यांत ही तपासणी सुरू करून दाखवली होती. पुण्या-मुंबईच्या खाजगी हॉस्पिटलांत आपण पैसे मोजून ती करून घेतो आणि विसरून जातो.

'इतका दुर्मिळ आजार, त्यासाठी सगळ्या बाळांना कशाला टोचायचं?' हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. एज केस आहे, पुढच्या रिलीजला बघू! आपल्याकडे फार तर स्क्रीन अडकते हो. शिवाय जन्मजात थायरॉइडची कमतरता त्याच कागदावर सापडते, आणि ती काही इतकी दुर्मिळ नाही.

मात्र नुसतं रक्त घेऊन भागणार नाही. माळशिरसचा कागद लॅबमध्ये आठ दिवसांनी पोचला तर या बाळाला उपयोग शून्य. नमुना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघाला पाहिजे, रिपोर्ट फोनवर आला पाहिजे आणि ती तीन आम्लं वगळलेली दूध पावडर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये तयार पाहिजे. डब्यासाठी परळ गाठायला लागलं, तर एवढी धावपळ करून मिळवलेले दिवस एसटीतच जातील.