सुईवर उगाच आळ

गालाच्या आत न भरणारी जखम असते किंवा स्तनात गाठ हाताला लागते. डॉक्टर बायॉप्सी करायला सांगतात आणि घरातलं कुणी वडीलधारं माणूस म्हणतं, 'सुई लावू नका, सुई लागली की पसरतो.' सल्ला मायेपोटीच दिलेला असतो, पण त्यापायी काढे आणि लेप यांत महिने जातात. रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे येतो तोवर मानेत किंवा काखेत दुसऱ्या गाठी आलेल्या असतात. कर्करोग कसा पसरतो याबद्दलच्या चुकीच्या समजुतीवर ही भीती उभी आहे. पसरण्याची वाट गाठ स्वतःच, रक्तवाहिन्यांच्या रूपाने, तयार करते आणि तेही सुई तिच्याजवळ येण्याच्या कितीतरी आधी.

बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये एक विचार मांडला, त्या वेळी फारसा कुणाला न पटलेला. रक्तातला ऑक्सिजन केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशापर्यंतच झिरपू शकतो. त्यामुळे स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही, अडून राहते. वाढायचं तर तिला आसपासच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटायला लावावे लागतात. हे काम करवणारं एक मुख्य प्रथिन पुढे हाती लागलं. वाहिन्या गळक्या करणारा पदार्थ म्हणून १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेने त्याची नोंद केली, आणि १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वेगळं केलेलं 'व्हीईजीएफ' हे तेच असल्याचं स्पष्ट झालं. घाईत वाढलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यांच्या अस्तरात फटी असतात. ज्या फटींतून रक्तद्रव बाहेर झिरपतो, तिथूनच कर्करोगाच्या पेशी आत शिरतात. आता हिशेब करा. हाताला लागणारी गाठ साधारण सेंटिमीटरभर तरी असते. म्हणजे रक्तवाहिन्या फुटण्याचा टप्पा तिने केव्हाच ओलांडलेला असतो.

रक्तात पेशी उतरतात तरी किती? उंदरांच्या स्तनातील गाठींवर बटलर आणि गुलिनो यांनी १९७५ मध्ये मोजमाप केलं. एक ग्रॅम गाठीतून चोवीस तासांत तीस ते चाळीस लाख पेशी रक्तात जात होत्या. माणसाच्या गाठीत आकडा वेगळा असेल, पण रोज अखंड चालणाऱ्या या गळतीपुढे एकदा टोचलेल्या सुईचा वाटा नगण्य ठरतो. शिवाय रक्तात उतरणं म्हणजे पसरणं नव्हे. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या, तेव्हा दिवसभरानंतर हजारात एकही धड जिवंत उरली नाही. प्रवाहाचा मार आणि शरीराची प्रतिकारशक्ती बहुतेकींना संपवते. उरलेल्यांनाही हवा तो अवयव मिळावा लागतो. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून दाखवलं, की दुसरी गाठ कुठेही उगवत नाही, ठरावीक अवयवांतच मूळ धरते. अपयश इतकं ठरलेलं असूनही पसरण होते, कारण प्रयत्न रोज लाखोंनी होतात. म्हणून धोका खरा वाढतो तो वाया गेलेल्या दिवसांनी.

यावर आक्षेप येईल, की सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणं वैद्यकीय ग्रंथांतच आहेत. आहेत, आणि ती लपवण्याचं कारण नाही. यकृताच्या कर्करोगात हे शंभरात दोन-तीन रुग्णांत आढळल्याचं जुन्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं. वृषणाच्या गाठीला सुई लावायची नाही, जांघेतून ती अख्खी काढायची, हा नियम याचसाठी आहे. हाडाच्या कर्करोगात पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकता येईल अशाच जागेतून सुई घालतात. यातून निष्कर्ष इतकाच निघतो की बायॉप्सी जाणत्या हातांनी, योग्य जागी व्हावी. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या अमेरिकेतल्या २,०३४ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी सुईने तपासणी झालेल्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक २२ महिने होता, न झालेल्यांचा १५ महिने. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ मुळीच नाही, दोन्ही गटांतले रुग्ण इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. पण सुईने रोग पसरत असता तर आकडे उलटे दिसायला हवे होते.

'आमच्या नात्यात बायॉप्सी झाली आणि दोन महिन्यांत यकृतात पसरला,' हा अनुभव सांगणारे खोटं बोलत नसतात. फक्त क्रम लक्षात घ्यायला हवा. बायॉप्सीत कर्करोग ठरला की मगच बहुतेकदा पूर्ण शरीराचं स्कॅन होतं, त्यामुळे आधीच झालेली पसरण नंतर उघड होते. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या सेंटिमीटरभर गाठीत कोट्यवधी पेशी असतात, त्या सहसा दोन महिन्यांत तयार होत नाहीत.

मग वाहिन्यांची ही वाटच औषधाने का बंद करू नये? तो प्रयत्न झाला. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर आयुष्याचा मध्यक १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. रुग्णासाठी ते जवळपास पाच महिने मोलाचे आहेत, पण रोग बरा झाला नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मंजुरी तर २०११ मध्ये मागे घेण्यात आली. याचं एक कारण असं असू शकतं, की यकृतात आणि फुप्फुसात काही गाठी नव्या वाहिन्या फुटण्याची वाटच पाहत नाहीत, तिथल्या जुन्या वाहिन्यांभोवतीच वाढतात. पसरलेल्या रोगात औषधाने बहुधा महिने मिळतात, तर जागेवरची गाठ वेळेत काढली की अनेकदा माणूस पूर्ण बरा होतो.

रुग्णाच्या हाती येणाऱ्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' अशी एक ओळ असते. काचपट्टीवरच्या तुकड्यात एखाद्या पातळ भिंतीच्या रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत कर्कपेशींचा पुंजका दिसतो का, हे डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधलेलं असतं. मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी काढायच्या का, केमोथेरपी द्यायची का, हे ठरवताना ती ओळही विचारात घेतात. ही माहिती मिळायला तुकडाच तपासावा लागतो. तोंडातली जखम किंवा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, स्तनात गाठ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी बायॉप्सी सांगितली तर त्याच आठवड्यात करून घ्या, आणि रिपोर्ट हाती आला की पुढच्या उपचारांची तारीख ठरवूनच घरी या.