मुका मार

मुका मार हा शब्द कुणी काढला माहीत नाही. मार खाणाऱ्याने काढलेला नसावा. ज्याच्या अंगात तो शिरलाय तो रात्रभर बोंबलत असतो.

गेल्या पावसाळ्यात गोदीत ओव्हरटाइमचे पैसे मागितले म्हणून मुकादमाच्या माणसाने माझ्या पाठीत तीन बांबू घातले. जातीवरनं शिवी दिली ती वेगळी. चौकीत गेलो. हवालदाराने शर्ट वर करायला लावला, पाहिलं आणि विचारलं, "रक्त कुठाय?"

रक्त आत होतं. कातडीखाली फुटून साकळलं होतं. गोऱ्या पाठीवर ते आधी लाल दिसतं, मग निळं, पाचसहा दिवसांनी हिरवट, मग पिवळं, दोनेक आठवड्यांत साफ. माझ्या पाठीवर काळ्यावर काळं. आणि खोल मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. तोवर चौकीतला कागद लिहून झालेला असतो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "गोदीत पोती उचलतोस ना? त्याचंच असेल." साला, अर्धं खरं बोलला. खांद्यावर पोत्याचा घट्टा आहे, दंडावर साखळीचा डाग आहे. पण घट्टा मी विकलाय, हजेरीच्या भावाने. बांबूचा वळ मी विकला नव्हता. डॉक्टरने दोन्ही एकाच खात्यात टाकले.

आता कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून पीनल कोड गेलं, न्याय संहिता आली. जुन्यात होतं : हाड मोडलं, दात पडला, किंवा वीस दिवस माणूस वेदनेने तळमळला नाहीतर रोजचं काम करू शकला नाही, तर दुखापत जबर. नव्यात वीसाचे पंधरा झाले. छान. पण पंधरा दिवस घरी बसायला चुलीत काय घालू? मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. गेलो म्हणजे दुखापत साधी. साधी म्हणजे एनसी. माझी भूकच माझ्याविरुद्ध साक्ष देते.

कुणी म्हणेल, अॅट्रॉसिटी लाव. १९८९ पासून कायदा आहे, ठाऊक आहे मला. पण शिवी लोकांसमोर दिलेली असायला हवी. शेडमध्ये लोक होते तीन. तिघंही त्याच मुकादमाच्या हजेरीवर. त्यांना मी दोष देत नाही. (देतो थोडा.)

२० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या आपल्या माणसांना, हे आता देवळात शिरणार अशी आवई उठवून बडवलं गेलं. आपली माणसं उलटून तुटून पडायला तयार होती. बाबासाहेबांनी आवरलं. खटला चालला, मारणाऱ्यांना शिक्षा झाली. म्हणजे वळ कोर्टात बोलतो, बोलवून घेणारा असला तर. आज वस्तीवस्तीत आपल्या शाखा आहेत. मार खाल्लेल्याला त्याच रात्री दवाखान्यात नेणारा, तीन दिवसांनी परत नेऊन पाठ पुन्हा लिहून घेणारा पोरगा किती शाखांत आहे? बॅनर लावणारे पुष्कळ आहेत.

आणि मित्रांनो, आणखी एक वळ आहे, तो आपण बघतच नाही. आपलाच एक कवी स्टेजवर बापाच्या पाठीचे वळ वाचून दाखवतो. टाळ्या पडतात, मीही वाजवल्यात. त्याच्या बायकोच्या दंडावर चार बोटं उठलेली असतात. विचारलं तर "मोरीत घसरले". आपण म्हणतो, घरातली गोष्ट आहे. तिथं "रक्त कुठाय" विचारणारा हवालदार आपणच असतो.

माझी आई वीस वर्षं नळावर घसरत होती. बाप मोर्च्यात पुढं असायचा.

त्या रात्री तिने आंबेहळद उगाळून माझ्या पाठीला लावली. कुठं हात दाबायचा नाही, कुठं लेप जाड द्यायचा, तिला न विचारता कळत होतं. मी म्हणालो, "आये, हे कुणाकडनं शिकलीस?"

"पालथा पड," ती म्हणाली. "वाळू दे."