टोकन भरण्याआधी नंबर विचारा

पुण्यातल्या कात्रज, आंबेगाव, सुखसागरनगर, संतोषनगर, धनकवडी या भागांत राहणाऱ्या सगळ्यांना, त्यातही ज्यांच्या घरात लग्नाचा मुलगा आहे त्यांना हे कळकळीचं आवाहन आहे. हेअर ट्रान्सप्लांटवर दिवाळीच्या सवलती लागल्या आहेत. ‘हवे तेवढे ग्राफ्ट एकाच रकमेत’, ‘आज टोकन भरा, दिवाळीनंतरची तारीख पक्की’, ‘बिनव्याजी हप्ते’ असल्या जाहिराती मोबाइलवर एकामागून एक येताहेत. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होणार, म्हणून मुलं घाईने टोकन भरताहेत. कृपा करून भरू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

सातारा रस्त्यालगत माझं औषधांचं दुकान आहे. परवा एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरांत क्लिनिकचं नाव, खाली व्हॉट्सॲपचा नंबर. मध्ये अँटिबायोटिक, सूज उतरायची स्टेरॉइडची गोळी, दुखणं थांबवायची गोळी. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, सहीच्या जागी नुसता रबरी शिक्का.

“काका, एवढ्या गोळ्या द्या ना, परवा ट्रान्सप्लांट आहे.”

“करणार कोण?”

“आहेत एक सर. बाहेरून येतात.”

“नाव काय सरांचं?”

त्याला माहीत नव्हतं. चांगला इंजिनिअर झालेला, बावधनला नोकरीला असलेला मुलगा. गाडी घेताना त्याने चार शोरूम पालथ्या घातल्या असतील. इथे मात्र स्वतःच्या डोक्याला हजारो छिद्रं पाडणाऱ्या माणसाचं नाव त्याने विचारलं नव्हतं. गोळ्या मी दिल्या नाहीत. तो रागावून गेला, आणि पुढच्या एखाद्या दुकानात त्याला त्या मिळाल्याही असतील.

आधी लग्नाचा हिशेब करू, कारण सगळी घाई त्यासाठीच चालली आहे. मागचे केस मुळासकट काढून (हेच ते ग्राफ्ट) पुढे बसवले की पहिले दहा-बारा दिवस डोक्यावर खपल्या असतात. कपाळ सुजतं, कधी सूज डोळ्यांवर उतरते. मग दोन ते सहा आठवड्यांत बसवलेले बहुतेक केस गळून पडतात. मुळं आत राहतात, वरचा केस जातो, आणि ते तसंच व्हायला हवं असतं. आजूबाजूचे जुने केसही काही काळ गळू शकतात. नवी उगवण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, खरा परिणाम दिसायला वर्ष जातं. म्हणजे दिवाळीनंतर ट्रान्सप्लांट करून मार्गशीर्षात बोहल्यावर चढणारा नवरदेव आजच्यापेक्षा विरळ दिसणार. ही गोष्ट क्लिनिकचा काउन्सेलर सांगत नाही. तो डॉक्टर नसतो, त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

आता जिवाचं बोलू. मार्च 2019 मध्ये मुंबईत साकीनाक्याचा 43 वर्षांचा एक व्यापारी ट्रान्सप्लांटनंतर दोन-तीन दिवसांत दगावला. त्याच्या अंगावर तीव्र ॲलर्जीची लक्षणं होती. एकाच बैठकीत साडेनऊ हजार केस बसवल्याचं तेव्हा छापून आलं होतं. 2016 साली चेन्नईत 22 वर्षांचा मुलगा गेला. तो तर मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि जिथे त्याने हे करून घेतलं त्या केंद्राकडे परवाना होता सलूनचा. कानपूरला नोव्हेंबर 2024 आणि मार्च 2025 मध्ये दोन तरुण इंजिनिअर गेले. गुन्हा दाखल झाला तो दातांच्या डॉक्टर असलेल्या बाईंवर. असे मृत्यू विरळाच, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. योग्य हातांत हे बऱ्यापैकी सुरक्षित काम आहे. पण हात कुणाचे, याचीच तर चौकशी होत नाही.

धोका अनेकदा सुईतून येतो. डोकं सुन्न करायला लिग्नोकेन वापरतात. माझ्या फळीवर त्याची 2 टक्क्यांची 30 मिलिलिटरची बाटली असते. सोबत ॲड्रेनलिन असेल तर त्याची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला झाले 490 मिलिग्रॅम. त्या एका बाटलीत असतात 600. एक बाटलीसुद्धा पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून जाणकार डॉक्टर ते पातळ करून, मोजून, थांबत थांबत देतात. ‘हवे तेवढे ग्राफ्ट’वाल्याला दहा-बारा तास काम रेटायचं असतं. मधेच भूल उतरते, पुन्हा टोचावं लागतं, आणि हिशेब ठेवायला कुणी नसतं. मात्रा जास्त झाली की ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते, कानात आवाज घुमतो, मग झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. हे ओळखून सावरणारा माणूस त्या खोलीत हवा.

कायद्याच्या बाजूने चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांच्या शिक्षणातच हे काम येतं असे प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनीच हे करावं, असा त्यांचा आशय. नुसती कार्यशाळा केली किंवा यूट्यूब पाहिलं म्हणजे प्रशिक्षण झालं असं धरू नये, असंही त्यात म्हटलं आहे. विचार करा, हे सरकारी कागदावर लिहायची वेळ आली होती. पाटीवर ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ किंवा ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलं म्हणून भुलू नका, ती काही शस्त्रक्रियेची पदवी नव्हे. एमडी किंवा डीएनबी स्किन, नाहीतर एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, हे शब्द शोधा.

मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव आणि पदवी समोर येते. क्रमांक सांगायला काचकूच झाली की उठा. लाजू नका. पोस्टात खातं उघडायलासुद्धा आपण चार कागद दाखवतो.

एवढ्यावर भागत नाही. कारण पुण्यात आणि सगळीकडेच आता एक नवी पद्धत दिसते. भिंतीवर फोटो खऱ्या, शिकलेल्या डॉक्टरचा, आणि काम करतात टेक्निशियन. ग्राफ्ट वेगळे करायला, बसवायला मदतनीस लागतातच, त्यात वावगं काही नाही. पण केसांची पुढची रेषा आखणं, भूल देणं, मागचे केस पंचने काढणं आणि पुढे छिद्रं पाडणं ही कामं डॉक्टरने स्वतः करायला हवीत. तेव्हा विचारा: माझ्या डोक्यावर पंच कोण चालवणार? त्या दिवशी डॉक्टरांकडे आणखी किती पेशंट आहेत? काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार? उत्तरं संमतिपत्रावर लिहून मागा. जो खरा आहे तो लिहून देतो.

ग्राफ्टच्या आकड्यांची भुरळही पडू देऊ नका. डोक्याच्या मागचा भाग म्हणजे वडिलोपार्जित जमीन आहे. आंबेगावात ज्यांनी गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली त्यांना हे वेगळं सांगायला नको. आयुष्यभरात तिथून साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट निघू शकतात, काहींचे त्याहून कमी. पंचविशीत साडेचार हजार उडवले आणि पस्तिशीत टक्कल मागे सरकलं, तर पुढे केसांचं बेट आणि मागे ओसाड पट्टा. म्हणूनच चांगला डॉक्टर पंचविशीच्या आतल्या मुलाला बहुधा थांबायला सांगतो. जो पहिल्याच भेटीत ‘नको’ म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जरूर जा.

आणि मुळात तुमचे केस कशाने जाताहेत हे कुणी तपासलं का? आमच्या भागात सगळा दोष टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर जातो. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण कपाळ वर चढवणारं टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असतं, ते फिल्टर लावून थांबत नाही. उलट बुलढाण्याचं आठवा. डिसेंबर 2024 पासून शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस पुंजक्या-पुंजक्याने हातात येऊ लागले, काहींचं तर काही दिवसांत टक्कल झालं. आधी पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. डॉ. हिंमतराव बावस्करांनी गहू, रक्त, केस तपासून घेतले आणि बोट ठेवलं ते गव्हातल्या सेलेनियमवर. पुढे अनेकांचे केस परत आले. तिथल्या एखाद्याला कुणी लगेच ट्रान्सप्लांटच्या खुर्चीत बसवलं असतं तर?

डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा जिमवाल्याने दिलेलं उपाशी डाएट, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात आणि कारण गेलं की बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप सावरतात. बायकांचा भांग रुंदावत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, थायरॉइड आणि पाळीची तक्रार आधी पाहावी. चाईचे गोल चट्टे हा पूर्ण वेगळा आजार. ससूनच्या किंवा धनकवडीतल्या भारती हॉस्पिटलच्या त्वचाविभागात ओपीडीचा कागद काढून हे सगळं तपासून मिळतं. रांग असते, हे खरं.

आनुवंशिक टक्कल ठरलं तर सध्या ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे असे जुने उपाय दोनच. एक मिनॉक्सिडिल, मूळचं रक्तदाबाचं औषध. लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते. त्याला घाबरून निम्मी मुलं सोडून देतात आणि बाटली माझ्याकडे परत करायला येतात. चार-सहा महिने धीर धरावा लागतो, आणि बंद केलं की कमावलेलं तीन-चार महिन्यांत जातं. घरात मांजर असेल तर जपा, तिला ते विषासारखं आहे. दुसरं फिनास्टेराइड, पुरुषांसाठी 1 मिलिग्रॅमची गोळी. काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं आहे. मन आधीच खचलेलं असेल तर डॉक्टरला सांगा. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही सांगावं, कारण या गोळीने तो आकडा जवळपास निम्मा दिसतो. गरोदर बाईने तुटलेली गोळी हाताळू नये. मित्राची चिठ्ठी चालत नाही, माझ्याकडे तरी नाही.

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग डोक्यात टोचणं, याचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. करायचं तर करा, हमी कुणी देत असेल तर करू नका. बायोटिनची कमतरता सहसा नसतेच, आणि त्याच्या गोळ्यांनी थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. तेलाबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या घरातच वाद होतील. एवढंच सांगतो की टक्कल बरं करण्याचा, नवे केस उगवण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करायला औषध नियमांच्या शेड्यूल जेमध्ये मनाई आहे.

पैशाचं शेवटी. हेअर ट्रान्सप्लांटला जीएसटीतून आरोग्यसेवेची सूट नाही, 18 टक्के कर लागतो, आणि विमाही सहसा मिळत नाही. म्हणून ‘बिल नको असेल तर कमी करतो’ ही ऑफर हमखास येते. ती घेऊ नका. बिलावर डॉक्टरचं नाव, ग्राफ्टची संख्या, तारीख असू द्या. फसलात तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावरच्या तक्रारीला तिथे फी नाही, पण कागद लागतो. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे, पदवीच नसेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आणि पोलिसांकडे. हप्त्याचं कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. क्लिनिकला कुलूप लागलं तरी हप्ता कापला जातो.

टोकन भरलेलं असेल तर आजच फोन करून डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो मिळेपर्यंत तारीख पुढे ढकला. ज्यांचं नुकतंच झालं आहे त्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं: तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ, पापण्या सुजणं बहुधा साधं असतं. पण अंगावर गांध्या, घसा आवळणं, धाप, छातीत दुखणं, ताप चढत जाणं, डोक्याची कातडी काळी पडणं किंवा पू, यातलं काही दिसलं तर क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नका. 108 लावा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. कुठलं इंजेक्शन, किती वाजता दिलं, ते सोबतच्या माणसाने तिथे सांगावं. माहीत नसेल तर क्लिनिकला फोन लावून तो तिथल्या डॉक्टरच्या हातात द्यावा.