सुदैव म्हणजे व्यवस्था नव्हे

१२ ऑक्टोबर १९७६ च्या मध्यरात्रीनंतर सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या उजव्या इंजिनाने उड्डाणानंतर लगेच पेट घेतला. वैमानिकांनी विमान माघारी वळविले. पण धावपट्टी गाठण्यापूर्वीच ते कोसळले. ९५ माणसे गेली. इंजिनातील एका चकतीला धातूच्या थकव्याने तडा गेला होता. ती फुटली, तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली आणि आगीने नियंत्रणयंत्रणाच निकामी केली. आग आकाशात दिसली; तिचे मूळ तपासणीत न सापडलेल्या तड्यात होते. म्हणूनच तपासनीस कामगाराला पुरेसा वेळ, साधने आणि ‘हे यंत्र चालणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार असणे, हाच आगीवरचा पहिला बंब होय.

दुसरा प्रश्न मदतीचा. विमानतळावरील बंबाने तीन मिनिटांच्या आत धावपट्टी गाठावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो योग्यच आहे. परंतु त्याच मुंबईसमोर, बंदरापलीकडे, मांडव्याला लाँचने जाणाऱ्याचा जीव काय कमी मोलाचा? १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली. पोलिसांची गस्ती नौका जवळ होती, म्हणून ८८ जण वाचले. त्या पोलिसांचे ऋण मोठे आहे. पण सुदैव म्हणजे व्यवस्था नव्हे.

तिकिटाच्या दरावरून जिवाची किंमत ठरत नसते. मांडवा धक्क्यावर कायमची बचाव नौका व प्रशिक्षित पथक हवे, ही मागणी पावसाळ्यानंतर लाँचसेवा सुरू होण्यापूर्वीच आपल्या कार्यकर्त्यांनी सागरी मंडळाकडे लावून धरली पाहिजे.