तारेचे टोक कुणाच्या हातात?



कापूस पिकवायला पाऊस लागतो. विकायला आता रेंज लागते. पिकाची नोंद तलाठ्याने नव्हे तर शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर करायची, गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, असे २०२१ साली सरकारने ठरवले. २०२५ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅपवरची नोंदणी सक्तीची केली. सातबारा, विमा, अनुदान, सगळ्याची वाट आता फोनमधून जाते.

आमचा यंत्राला विरोध नाही. तलाठी कधी उगवतो याची वाट पाहत पारावर बसण्यात कुणाचे भले झाले होते? एका उताऱ्यासाठी तालुक्याला किती हेलपाटे घातले आणि किती मजुरी बुडाली, याचा हिशेब घरोघरी आहे. पण सक्ती करणाऱ्याने रस्ता द्यायचा असतो. लेव्हीच्या काळात ज्वारी आणून घाला म्हणणारा अधिकारी वाटेतल्या नाल्यावर पूल आहे का, हे विचारत नव्हता. आजचा साहेब शेतात रेंज आहे का, हे विचारत नाही.

म्हणून हा रस्ता आहे तरी कसा, ते आधी समजून घेऊ. ते समजले नाही की आपण चुकीच्या दारात भांडत बसतो. चुकीच्या दारात भांडणारा शेतकरी सरकारला फार आवडतो.

जुना ट्रंक कॉल आठवा. बोलणे चालू असेपर्यंत सगळी तार त्या दोघांसाठी अडकून राहायची. एका बैलगाडीसाठी अख्खा रस्ता बंद ठेवावा, तसा प्रकार. इंटरनेटची रीत वेगळी. समजा, एका घरचा कापूस दहा गाड्यांत भरला. प्रत्येक गाडीवर कुठून निघाली, कुठे जायची आणि कितवी गाडी, एवढे लिहिले. मग गाड्या सोडून दिल्या. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावरचा माणूस फक्त पत्ता वाचतो आणि मोकळ्या दिसेल त्या रस्त्याने गाडी पुढच्या नाक्याकडे धाडतो. गाड्या मागेपुढे पोचल्या तरी केंद्रावर नंबर लावून घेतल्या जातात. एखादी वाटेत राहिली तर तेवढीच पुन्हा मागवतात. तुमच्या पऱ्हाटीचा फोटो असाच हजारो तुकड्यांत निघतो आणि पलीकडे पुन्हा जुळवला जातो. या सगळ्या रस्त्यांचा कुणी एक मालक नाही. हजारो लहानमोठी जाळी एकमेकांच्या गाड्या पुढे सोडायला राजी झाली, त्याचेच नाव इंटरनेट.

आता तो फोटो निघतो कुठून? फोनमधून हवेतून टॉवरवर. येथवरच काय ते हवेतले काम. टॉवरपासून पुढे काचेची तार जमिनीखालून तालुका, जिल्हा करत मुंबईसारख्या शहरातल्या मोठ्या नाक्यापर्यंत जाते. केसासारखी बारीक काच, तिच्यातून उजेडाची उघडझाप पळते. परदेशात जायचे असेल तर मुंबईच्या किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावरून हीच तार समुद्राच्या तळातून पुढे जाते. देशादेशांतली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्राखालून होते. उपग्रहाचा वाटा फार थोडा. म्हणजे यवतमाळहून न्यूयॉर्कपर्यंतच्या रस्त्यात अडथळा असतो तो बहुतेक वेळा आपल्या शेतापासून पहिल्या दोनचार मैलांत.

फोनवर चार दांड्या दिसतात आणि अ‍ॅप मात्र गोल फिरत राहते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. दांड्या फक्त तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला सिग्नल किती जोरदार आहे, ते सांगतात. टॉवरच्या मागचा रस्ता रुंद आहे की पांदण, हे त्या सांगत नाहीत. पुढच्या वेळी टॉवरकडे नीट पाहा. उभ्या लांबट पाट्या फोनशी बोलण्यासाठी असतात. गोल ढोलासारखे जे लावलेले असते, ते बहुधा दुसऱ्या टॉवरशी हवेतून बोलते. जिथे काचेची तार टॉवरपर्यंत आलेली नाही, तिथे सगळ्या गावाची वाहतूक या ढोलातून जाते. संध्याकाळी गाव एकदम फोन घेऊन बसले की तो रस्ता तुंबतो. त्यात वीज गेली, बॅटरी उतरली आणि डिझेल भरायला कुणी आले नाही की टॉवरच मुका. कंपनीच्या माणसाला 'रेंज नाही' म्हणाल तर तो फोन बंद करून चालू करा म्हणेल. 'टॉवरला फायबर आहे का, वीज गेल्यावर तो किती वेळ चालतो' असे विचाराल तर त्याला कागद काढावा लागेल.

तार आपल्या मुलखात काही आज आलेली नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि रेल्वेचा फाटा सुरू झाला. कशासाठी? वऱ्हाडच्या कापसासाठी. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजाराची खबर पोचायला पूर्वी आठवडे लागत, ती तासांवर आली. ती पोचायची व्यापाऱ्याच्या पेढीवर. कापूस घेऊन आलेल्या कास्तकाराला काय कळायचे? समोरचा सांगेल तेवढेच. तार आली कापसामुळे, पण तिचे टोक कापूसवाल्याच्या हातात आले नाही.

दीडशे वर्षांनी काय बदलले, ते बघा. न्यूयॉर्कचा कापूस वायदा आज शेतकऱ्याच्या पोरालाही फोनवर दिसतो. हा मोठा बदल आहे, आम्ही तो कमी लेखत नाही. मध्य प्रदेशात २००० सालापासून एका मोठ्या कंपनीने गावोगाव संगणक ठेवून सोयाबीनचा भाव दाखवायला सुरुवात केली. पुढे अभ्यास झाला तेव्हा त्या भागातल्या मंड्यांतला भाव सरासरी एक ते तीन टक्के वाढलेला आढळला. तीन टक्क्यांनी कुणी माडी बांधत नाही. पण केवळ भाव माहीत झाल्याने, एक दाणाही जास्त न पिकवता हे पैसे मिळाले. असा भाव रेंज असेल तिथेच कळतो, आणि रेंजचे टोक आजही शेतात नाही.

सरकारी तारेचे टोक आहे ग्रामपंचायतीच्या खोलीत. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना काचेच्या तारेने जोडायची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. मुदती उलटल्या, आकडे बदलले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने तिच्या पुढच्या टप्प्याला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा कुणाच्या खिशातला? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के आकार खास खेड्यांच्या जोडणीसाठी घेतला जातो, आणि कंपन्यांचे उत्पन्न म्हणजे तुमचे-आमचे रिचार्ज. (या कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. त्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात.) तेव्हा ही खैरात नाही. आपण आधी मोजलेल्या पैशाचा माल आपण मागतो आहोत.

आम्हाला फुकट डेटा नको. गावच्या पेटीपासून पुढची तार कुणालाही ओढू द्या, एवढेच आम्ही म्हणतो. २०२० च्या डिसेंबरात सरकारनेच पीएम-वाणी नावाची योजना काढली. तिच्यात किराणा दुकानदारानेही वायफाय विकावे. त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. कागदावर इतकी मोकळीक आमच्या पाहण्यात क्वचितच आली आहे. मग गावातला आयटीआय झालेला पोरगा पंचायतीतल्या तारेवरून वस्तीवर, जिनिंगवर, खळ्यावर जोडणी का देत नाही? मागची तार चालू असल्याची खात्री नसेल तर तो कशाच्या भरवशावर पैसे घालणार?

शिवारात रेंज नाही म्हणून नोंद चुकली, ही सबबही मुकाट ऐकून घेऊ नका. फोनला आपण कुठे उभे आहोत हे उपग्रहावरून कळते. त्याला इंटरनेट लागत नाही. फोटो आणि जागा फोनमध्ये साठवून गावात आल्यावर पाठवता येईल, असे अ‍ॅप बनवणे मुळीच अवघड नाही. सक्तीच्या प्रत्येक अ‍ॅपला ही सोय हवी, आणि ज्याच्याकडे तसा फोनच नाही त्याचा अर्ज कागदावर घेतला पाहिजे.

आणखी एक टोक सरकारच्या मुठीत आहे. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत आपला कापूस राज्याबाहेर जाऊ नये म्हणून सीमेवर नाके बसले होते. आता नाके माहितीवर बसतात. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या सिंघू, टिकरी, गाझीपूर सीमांवर शेतकरी बसले असताना तिथले इंटरनेट बंद केले गेले. रस्त्यावर खिळे ठोकावे लागत नाहीत. कंपन्यांना एक आदेश पुरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या जानेवारीतच सांगितले आहे, की अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात अशी बंदी आली तर पहिल्याच दिवशी आदेशाची प्रत मागा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ग्रामपंचायतीत जाऊन यावे. भारतनेटची पेटी बसली आहे का, तिचे दिवे लागलेले आहेत का, की ती कपाटात आहे, हे डोळ्यांनी पाहावे. ती शेवटची चालू कधी होती, तिचे वीजबिल कोण भरते, गावात तिच्यावरून किती जोडण्या दिल्या, हे ग्रामसेवकाला विचारून त्याची सही घेऊन कागद आणावा. गावच्या टॉवरवर फायबर आहे की ढोल, तेही त्याच कागदावर लिहावे. तालुकावार याद्या झाल्या की त्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे कधी जायचे, त्याची तारीख बैठकीत ठरवू.