मातीविना बाग आणि वर्गातला हिशेब

न्यूयॉर्क महानगरातील दक्षिण ब्रॉंक्स हा अमेरिकेतील अत्यंत दरिद्री वस्त्यांपैकी एक. तेथील एका माध्यमिक शाळेत स्टीफन रिट्झ नावाचे शिक्षक शिकवीत असत. एके दिवशी वर्गासाठी भेट म्हणून एक पेटी आली. आत कांद्यासारखे दिसणारे कंद होते. मुले हे कंद एकमेकांच्या डोक्यात घालतील या धास्तीने रिट्झ यांनी ती पेटी खोली उबदार ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्यांमागे दडवली आणि ते विसरूनही गेले. काही आठवड्यांनी वर्गात मारामारी जुंपली. हाती काही लागावे म्हणून एका मुलाने नळ्यांमागे हात घातला, तर बाहेर आली ती डॅफोडिलची पिवळीधमक फुले! गळक्या नळीचे पाणी आणि तिची ऊब एवढ्यावर कंद फुलले होते. मातीचा कणही त्यांना लाभला नव्हता. भांडण जागीच थांबले.

ही हकीकत रिट्झ यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात आणि व्याख्यानांत सांगितली आहे. त्या प्रसंगातून पुढे ‘ग्रीन ब्रॉंक्स मशीन’ ही संस्था उभी राहिली. २०१६ साली त्याच भागातील एका जुन्या सार्वजनिक प्राथमिक शाळेत तिचे केंद्र सुरू झाले. तेथे वर्गातच उंच मनोरे उभे आहेत. तळाच्या टाकीतील पोषकद्रव्यमिश्रित पाणी पंपाने वर चढते, मुळांना भिजवीत खाली उतरते आणि पुन्हा टाकीत जमा होते. मुले भाजी पिकवतात, तोडतात, तिथेच शिजवून खातात. गणित, विज्ञान आणि भाषा यांचे पाठ त्याच रोपांभोवती गुंफले जातात. २०१५ साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’च्या अंतिम दहा शिक्षकांत रिट्झ होते. पुढे २०२० साली तोच पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाला, हे मराठी वाचकांना सांगायला नकोच.

ब्रॉंक्समध्ये हा उपाय योग्य का ठरला, हे नीट समजून घ्यायला हवे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. शाळेभोवती काँक्रीट असते आणि ताजी भाजी परिसरातील दुकानांत दुर्मीळ असते. माती उपलब्ध नव्हती, म्हणून बाग मातीविना झाली. मनोरा ही तेथील गरज होती, शोभा नव्हे.

आपल्या शहरांतील काही शाळांतही आता असे मनोरे दिसू लागले आहेत. प्रवेशद्वाराशी जांभळट प्रकाशात न्हालेली लेट्यूसची हिरवी पाने आणि शेजारी ‘शाश्वत विकास’ असा फलक! पालक कौतुकाने छायाचित्र काढतात. मुलांना मात्र पुष्कळदा त्या रोपांना हात लावण्याचीही मुभा नसते. देखभाल पुरवठादाराचा माणूस येऊन करतो. हे पर्यावरण शिक्षण असेल, तर दिवाणखान्यातील माशांची काचपेटी म्हणजे सागरविज्ञान म्हणावे लागेल.

मग मातीविना बाग त्याज्य समजावी काय? मुळीच नाही. उलट, शाश्वतता शिकवण्यास तिच्याइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. कारण तिच्यात जे काही जाते ते सारे मोजता येते. अट एकच, की मोजणी पुरी व्हावी. अमेरिकेतील ॲरिझोना येथील संशोधकांनी २०१५ साली लेट्यूसच्या दोन्ही पद्धतींच्या लागवडीचा तौलनिक हिशेब मांडला. एक किलो भाजीला शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते, तर मातीविना पद्धतीत अवघे २०. उत्पादनही क्षेत्रफळाच्या मानाने दसपटीहून अधिक. विक्रेत्यांच्या पत्रकांत एवढेच छापलेले असते. त्याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की शेतातील भाजीला किलोमागे सुमारे ११०० किलोज्यूल ऊर्जा लागली, तर बंदिस्त हरितगृहातील भाजीला सुमारे ९०,०००. म्हणजे विजेच्या भाषेत २५ युनिट. तापमान राखणे आणि कृत्रिम प्रकाश यांतच त्यातील बहुतांश खर्च झाली. पाणी वाचले, ऊर्जा उधळली गेली. सहावीच्या मुलासमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर शाश्वततेचा अर्थ त्याला व्याख्येविना उमगेल.

हा हिशेब आपल्या वर्गातही सहज करता येतो. ५० वॅटचा दिवा रोज १४ तास जळला, तर महिन्याला २१ युनिट होतात. पाच वॅटचा पंप अहोरात्र चालला तरी चार युनिटांच्या आतच. मग सूर्य फुकट तळपत असताना खोलीत दिवा कशासाठी? रोपे खिडकीशी किंवा व्हरांड्यात का नकोत? हा प्रश्न मुलांनी विचारला, की धडा सुरू झाला. वीज गेली की पंप थांबतो आणि काही तासांत मुळे सुकू लागतात, हाही धडाच. आणि तो ग्रामीण महाराष्ट्रातील मुलांना कुणी शिकवायला नको.

मुळात पंपाचीही आवश्यकता नाही. हवाई विद्यापीठातील बी. ए. क्राट्की यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एक झाकणाची बादली पुरते. झाकणाच्या छिद्रात रोप बसवायचे, खाली द्रावण. पाणी जसजसे घटते, तसतशी वरच्या मुळांना हवा मिळत जाते. बादली गडद रंगाची हवी, अन्यथा आत शेवाळ माजते. झाकण घट्ट हवे, अन्यथा डास अंडी घालतील. कोथिंबीर, पालक, मेथी असे काहीही लावावे. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव १९३७ साली अमेरिकेत रूढ झाले खरे. परंतु १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनी तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँगला साध्या खडीत, यंत्रांवाचून, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लागवड करून दाखवली. ती ‘बंगाल पद्धती’ म्हणून ओळखली जाते. आपल्या दुष्काळी पट्ट्यातही अनेक पशुपालकांनी ट्रेमध्ये मातीविना मक्याचा चारा उगवला आहे. तेव्हा ही विद्या महागड्या संचातूनच मिळते, हा समज सोडून द्यावा.

मात्र बादलीशेजारी मातीचा एक वाफा हवाच. द्रावणातील नत्र बहुतांशी नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यातून येते, स्फुरद खाणीतून. वाफ्यातल्या मटकीच्या मुळांवरील गाठी उघडून पाहिल्या, की हेच नत्र हवेतून विनामूल्य कोण आणते ते कळते. गांडूळ बादलीत सापडत नाही. आणि ज्वारी, तूर यांची शेते मनोऱ्यावर चढत नाहीत. लेट्यूसने कुणाचे पोट भरत नाही. २०१९ साली केंद्राने शालेय पोषण उद्यानांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, आपल्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या परसबागांतील भाजी मध्यान्ह भोजनात जाते. ज्या शाळांना अंगण नाही, त्यांनी बादली घ्यावी. ज्यांना आहे, त्यांनी दोन्ही लावून तुलना करावी.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापणारे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हाताने काम करीत शिकण्यावर सारा भर दिला होता. पर्यावरण विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९१चा. त्यानंतर काय घडले? प्रकल्पाच्या वह्या आल्या, मार्गदर्शिकेतून उतरवलेल्या, चकचकीत वेष्टनाच्या. बऱ्याचशा आईने रात्री जागून पूर्ण केलेल्या. त्या वहीच्या जागी पाण्याची मापे, वीज-मीटरचे आकडे आणि मेथीच्या जुडीचे वजन असलेली एक मळकी वही आली, तर शिक्षकांना तपासायला खरे काहीतरी मिळेल.

एक अडचण मात्र राहतेच. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असते आणि बादलीतले पाणी तर घटतच राहते. त्या दिवसांत एकेक बादली एकेका मुलाच्या घरी जावी, आणि सुटी संपल्यावर परत येताना तिच्यासोबत त्या घरच्या नोंदीही याव्यात.